धाव आणि धावा

संकटात सापडलेला माणूस देवाचा धावा करतो, असे आपण म्हणतो. या शब्दात धावणे आहे, पण ते देवाने धावायचे आहे. माणूस जागीच असतो, अडकलेला, हात वर केलेला. त्रिकूट पर्वतावरच्या सरोवरात गजेंद्राचा पाय मगरीने धरला, त्याचे सारे बळ सरले, तेव्हा त्याने धावा केला आणि विष्णू धावून आला, ही भागवतातली कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. त्याच क्रियापदापासून दुसरा शब्द होतो, धाव. धाव माणसाची असते, स्वतःच्या पायांची आणि स्वतःच्या दमाची. दोन शब्दांत फरक एका कान्याचा आहे, पण अर्थ एकमेकांच्या उलट टोकांना आहेत: एकात माणसाचे बळ आहे, दुसऱ्यात बळ संपल्याची कबुली. आज जगभर हजारो माणसे डोंगरवाटांवर धावत सुटतात, उंचावरच्या एखाद्या तळ्यापाशी, तिथल्या आश्रयगृहापाशी पोहोचतात, घोटभर पाणी पितात आणि पुढे निघतात. माँ ब्लाँ पर्वताभोवतीची सुमारे १७० किलोमीटरची आणि सुमारे १०,००० मीटर चढाची शर्यत २००३ मध्ये सुरू झाली. आपल्याकडेही सिंहगड-राजगड-तोरणा या वाटेवर लोक शर्यतीत धावतात. यांतले अनेक जण या धावण्याबद्दल बोलताना धर्माचे शब्द वापरतात: साधना, तीर्थ, शरण. हे शब्द त्यांना शोभतात का? धावेचा धावा होऊ शकतो का? मला वाटते, होऊ शकतो. मात्र त्यासाठी एक अट आहे, आणि ती वेगाची नाही, अंतराचीही नाही.

ही अट समजून घ्यायला एक जागा फार उपयोगी आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड आहे, समुद्रसपाटीपासून २,४६९ मीटरवर. खिंडीतच एक तळे आहे, वर्षातला बराच काळ गोठलेले. तळ्याच्या काठी एक थोराड दगडी इमारत उभी आहे. तिकडे तिला हॉस्पिस म्हणतात, आपण धर्मशाळा म्हणू. स्विस बाजूला बूर-सें-पिएर हे गाव १,६३२ मीटरवर आहे, म्हणजे तिथून खिंडीपर्यंत सव्वाआठशे मीटरहून अधिक चढ. वरच्या टप्प्यातल्या घळीचे नाव मृतांची घळ असे आहे, आणि ते नाव हिमलोटांनी कमावलेले आहे. ऑस्टा इथले धर्माधिकारी बर्नार्ड यांनी १०५० च्या सुमारास ही धर्मशाळा स्थापन केली. शतकानुशतके संत ऑगस्टीनच्या नियमाने राहणारे व्रतस्थ धर्मगुरू ती चालवत आले आहेत. १९६४ मध्ये खिंडीखालून बोगदा झाला आणि वरची वाट कुणाच्या सक्तीची राहिली नाही. हिवाळ्यात घाटरस्ता बंद होतो, वर जायचे तर स्की किंवा बर्फात चालायचे जोडे बांधूनच. तरीही धर्मशाळा बाराही महिने चालू असते आणि तिच्या मुख्य दाराला कुलूप नसते. पूर्वी या दाराशी रोमला निघालेले यात्रेकरू येत, व्यापारी येत, सैनिक येत. १८०० च्या मे महिन्यात नेपोलियनची चाळीस हजारांच्या आसपासची फौज इथूनच इटलीत उतरली. आता उन्हाळ्यात पाठीवर पाण्याची पिशवी बांधलेले धावपटू येतात. व्हर्बिएहून निघणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीची वाट याच खिंडीवरून जाते.

धर्मशाळेच्याही आधी इथे देऊळ होते. रोमनांनी या खिंडीला ज्युपिटरचा डोंगर मानले आणि तळ्याजवळच्या सपाटीवर त्याचे देऊळ बांधले. उत्खननात तिथे काशाच्या लहान पाट्या सापडल्या, आणि धर्मशाळेच्या संग्रहालयात त्या पाहायला मिळतात. तळहातावर मावतील अशा या पाट्या. दोन्ही बाजूंना कानासारखे त्रिकोण, ठोकून बसवण्यासाठी खिळ्यांची भोके, आणि मध्ये कोरलेली अक्षरे. कुणी सैनिक, कुणी व्यापारी. नाव आणि नवस फेडल्याची नोंद, एवढाच मजकूर. काही पाट्यांवर नवसाचे कारणही आहे: जाण्यासाठी आणि परत येण्यासाठी. मला ही तीन-चार शब्दांची नोंद फार मोलाची वाटते. खिंड ओलांडल्याचा पराक्रम त्या माणसाने कोरलेला नाही, किती वेळात चढलो ते कोरलेले नाही. घरी परत पोहोचणे आपल्या हातात नव्हते, ते कुणीतरी आपल्याला दिले, एवढेच त्याने काशावर लिहून ठेवले. देव बदलले, भाषा बदलल्या, ज्युपिटरच्या जागी ख्रिस्त आला. पण या उंचीवर माणसाला जे कळते ते बदलले नाही. नंतर आलेल्या धर्मशाळेने तेच आपल्या पद्धतीने सांगितले. तिचे लॅटिन ब्रीदवाक्य असे आहे की येथे ख्रिस्ताची पूजा होते आणि येथे ख्रिस्ताला जेवू घातले जाते. पहिली गोष्ट प्रार्थनागृहात घडते, दुसरी भोजनगृहात. ज्याला जेवू घालायचे तो ख्रिस्त म्हणजे दाराशी आलेला, थंडीने काकडलेला कुणीही. मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचा जो प्रसंग आहे, त्यात भुकेल्याला दिलेले अन्न देव स्वतःला पोहोचले असे मानतो. त्या प्रसंगावर हे घर उभे आहे.

माझे म्हणणे या ब्रीदवाक्यातूनच निघते. डोंगरात धावणारा माणूस आपल्या धावण्याला साधना म्हणतो, तेव्हा तो स्वतःला पूजकाच्या जागी ठेवतो: चढ ही त्याची पूजा, घाम हे त्याचे अर्घ्य, तळ्याचे दर्शन हे त्याचे फळ. धर्मशाळेचे दार त्याला वेगळी जागा देते. पूजा करणारे आत आहेत आणि हा आहे तो भुकेला. त्याने काय केले याला इथे महत्त्व नाही, त्याला काय हवे आहे याला आहे. डोंगर माणसाला पवित्र करतो असे म्हणायचे असेल तर ते या अदलाबदलीमुळे म्हणता येईल. उंचावरची हवा विरळ असते, ऊन आणि गारपीट यांच्यात अर्ध्या तासाचेही अंतर नसते, अंगावर ओझे कमीत कमी असते, पाय थकलेले असतात. अशा वेळी माणसाला आपण दुसऱ्याच्या आधाराने जगतो हे सत्य, जे सपाटीवर विसरता येते, विसरता येत नाही. धावणारा तर या सत्याच्या चालणाऱ्याहून जवळ असतो, कारण त्याने तंबू, चूल, गरम कपडे सारे मागे ठेवलेले असते. वेगासाठी त्याने आपली सुरक्षितता हलकी केलेली असते आणि ती उणीव वाटेवरच्या दारांनी भरून काढावी असे गृहीत धरलेले असते. ही त्याची गरज त्याने ओळखली, मान्य केली आणि तिच्याबद्दल कृतज्ञ राहिला, तर त्याच्या धावेला काना लागतो. नाही ओळखली, तर ती चांगल्या व्यायामाची एक सकाळ राहते, आणि त्यातही वाईट काही नाही. फक्त तिला तीर्थ म्हणू नये.

यावर पहिला आक्षेप वेगाचा आहे. श्रद्धाळू माणसे म्हणतात की तीर्थाला पायी जावे, सावकाश जावे. धावणाऱ्याला तळे दिसते तरी कुठे? आक्षेप वजनदार आहे, पण धर्माचा इतिहास त्याच्या बाजूने उभा राहत नाही. जपानमध्ये क्योतोजवळच्या हिएइ पर्वतावर तेंदाई पंथाचे भिक्षू सात वर्षांत विभागलेले हजार दिवसांचे व्रत करतात. सुरुवातीच्या वर्षांत रोजची वाट सुमारे ३० किलोमीटरची, आणि सातव्या वर्षात शंभर दिवस रोज सुमारे ८४ किलोमीटर. गवताच्या चपला घालून, रात्रीच्या अंधारात निघून, झपाझप पावले टाकल्याशिवाय हे अंतर कापता येत नाही. पण वाटेत अडीचशेहून अधिक ठिकाणी, एखाद्या झाडापाशी, दगडापाशी, देवळापाशी, तो भिक्षू थांबतो आणि प्रार्थना करतो. आपल्या वारीतही धावणे आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर चालणारे वारकरी वेळापूरजवळच्या उतारावर आले की धावत सुटतात. तुकोबांना इथूनच पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, असे परंपरा सांगते. या प्रसंगालाही मराठीने धावा हेच नाव दिले आहे. तिथे म्हातारी माणसे धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, आणि त्यांचे लक्ष विचलित झाले असे कुणी म्हणणार नाही. खडकाळ उतारावर धावणाऱ्याची नजर पुढच्या दोन-तीन पावलांवर खिळलेली असते; तिथे मन भरकटले तर घोटा मुरगळतो. म्हणजे वेग आणि अवधान यांचे वैर नाही. वैर आहे ते न थांबण्याशी. हिएइचा भिक्षू अडीचशे वेळा थांबतो आणि वारीचा धावा पुढे पुन्हा चालीला लागतो. वेगाला थांबा असला की वेग धर्माचा होऊ शकतो, एवढेच ही उदाहरणे सांगतात.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: हे सारे स्वतःभोवती फिरते. मनगटावरचे घड्याळ, हृदयाचे ठोके, क्रमांक, नंतर लोकांना दाखवायचा नकाशा. यात देव कुठे? हा आक्षेपही जुनाच आहे. इटलीचा कवी पेत्रार्क १३३६ च्या एप्रिलमध्ये व्हाँतू पर्वतावर चढला. माथ्यावर त्याने सोबत आणलेले ऑगस्टीनचे आत्मनिवेदन उघडले, आणि समोर आले ते नेमके डोंगर, समुद्र आणि नद्या पाहायला जाणाऱ्या व स्वतःकडे मात्र न पाहणाऱ्या माणसांविषयीचे वाक्य. पेत्रार्कने लिहिले आहे की तो त्यानंतर गप्प झाला आणि गप्पच खाली उतरला. ज्या ऑगस्टीनच्या नावाचा नियम ग्रेट सेंट बर्नार्डचे धर्मगुरू पाळतात, तोच हा ऑगस्टीन. म्हणजे डोंगर पाहायला निघालेल्यांना टोकणाऱ्याच्याच अनुयायांनी डोंगरातल्या सर्वांत जुन्या वाहत्या धर्मशाळांपैकी एक सांभाळली. मला यात विसंगती दिसत नाही. स्वतःकडे पाहणे म्हणजे स्वतःची मोजमापे घेणे नाही, हे त्यांना ठाऊक होते. स्वतःकडे नीट पाहिले की दिसते ती आपली अपुरेपणाची बाजू, आणि ती उंचीवर लवकर दिसते. घड्याळ खरे सांगते, पण अर्धेच: आपण कुठवर आलो ते सांगते, कुणामुळे आलो ते सांगत नाही. म्हणून घड्याळ टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही. त्याचा आकडा अपुरा आहे एवढे लक्षात ठेवावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. व्यापारी पोटासाठी खिंड चढत होता, सैनिकाला हुकूम होता, निर्वासिताला मागे घर उरले नव्हते. त्यांची गरज खरी होती. धावणाऱ्याची गरज त्याने हौसेने ओढवून घेतलेली आहे. पोट भरलेल्या माणसाने मुद्दाम उपाशी राहून अन्नछत्राच्या रांगेत उभे राहावे, तसे हे झाले. मग त्याच्या शरण येण्याला काय किंमत? याचे उत्तर दोन पायऱ्यांत द्यावे लागेल. पहिली पायरी अशी की ओढवून घेतलेली गरज खोटी असतेच असे नाही. एकादशीचा उपास आणि अनवाणी वारी याही स्वतः पत्करलेल्या उणिवा आहेत. त्यांचा हेतूच हा की सुखवस्तू माणसाला आपल्या देहाची खरी स्थिती कळावी. आणि हवामान फिरले की पत्करलेली गरज आणि लादलेली गरज यांत काहीही फरक उरत नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत वादळी वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस यांनी धावपटूंना चढावर गाठले आणि २१ जण दगावले. त्या चढावर शर्यतीची कसलीच मदत नव्हती. जे वाचले त्यांतल्या सहा जणांना एका मेंढपाळाने वाचवले. तो स्वतः वादळापासून आडोसा म्हणून एका गुहेत थांबला होता. तिथे पांघरुणे आणि सरपण होते. त्याने माणसे आत आणली, शेकोटी पेटवली, त्यांचे ओले अंग पांघरुणांत गुंडाळले. ही गरज हौसेची होती का, हा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि त्या क्षणी तो प्रश्न विचारणे अधर्म ठरले असते.

दुसरी पायरी मात्र धावणाऱ्याच्या विरोधात जाते आणि ती टाळता येणार नाही. गरज पत्करलेली असेल तर तिचे ऋणही पत्करलेले असते, आणि ते अधिक जड असते. ग्रेट सेंट बर्नार्डचे धर्मगुरू आणि सेवक शतकानुशतके धुक्यात आणि हिमात वाटसरू शोधायला बाहेर पडत. त्यांच्यातलेही काही हिमलोटाखाली गेले. त्यांच्या कुत्र्यांपैकी बॅरी नावाच्या कुत्र्याने १८०० ते १८१२ या काळात चाळीसहून अधिक माणसे वाचवली असे म्हटले जाते. ज्यांना वाचवता आले नाही त्यांनाही घराने नाकारले नाही. तिथल्या खडकात आणि गोठलेल्या जमिनीत खड्डा खणणे कठीण, म्हणून सापडलेले देह एका वेगळ्या दगडी खोलीत ठेवले जात, कधीतरी कुणी आप्त ओळखायला येईल या आशेने. चार्ल्स डिकन्स १८४६ मध्ये इथे आला होता, आणि ‘लिटल डॉरिट’ या कादंबरीत त्याने ती खोली आणली आहे. इतक्या टोकाला जाऊन जे दार उघडे राहते, त्याच्या भरवशावर हलक्या पायांनी निघणाऱ्याने दुसऱ्याचा जीव स्वस्त समजू नये. आल्प्समधल्या मोठ्या शर्यती धावपटूला पाण्याचा साठा, दिवे, शिट्टी, पावसाचे जाकीट आणि चंदेरी पातळ जीवरक्षक चादर सोबत ठेवायला लावतात, आणि वाटेत कुणी संकटात दिसला तर त्याला मदत करणे प्रत्येकावर बंधनकारक करतात. घडी घातलेली ती चादर मुठीत मावते, वजन अगदी थोडे. धावणारे तिच्याकडे तपासणीपुरती वस्तू म्हणून पाहतात. मला तिच्यात शर्यतीचा सारा धर्म दिसतो. ती उघडली जाईल तेव्हा शर्यत संपलेली असेल, आणि बहुधा ती स्वतःच्या नाही तर दुसऱ्याच्या अंगावर पडेल. जो धावपटू वाटेत पडलेल्याजवळ थांबतो, तो काही काळासाठी स्वतःच धर्मशाळा होतो.

अजून एक आक्षेप राहतो, नास्तिकाचा. धावणाऱ्याचा देवावर विश्वासच नसेल, तर धावा कुणाचा? खुद्द धर्मशाळेने या प्रश्नाचे उत्तर आपल्या वागण्याने दिले आहे: दाराशी आलेल्याला आत घेण्यासाठी तिथे श्रद्धेची अट नाही. मी याहून थोडे पुढे जाईन. विश्वास ही मनात बाळगायची एखादी मान्यता आहे तशीच ती एक कृतीही आहे. ढग उतरलेले असताना, वर दार असेल, ते उघडे असेल, आत माणूस असेल, या भरवशावर पुढचे पाऊल टाकणे म्हणजे विश्वासच. नास्तिकही तो ठेवतो, कारण त्याशिवाय डोंगरात पाऊल टाकता येत नाही. आस्तिक त्या दाराच्या मागे देव पाहतो, नास्तिक माणूस पाहतो. आणि धर्मशाळेचे ब्रीदवाक्य तर सांगते की जेवू घालताना या दोघांत भेद करायचा नाही. आपल्याकडे गाडगे महाराजांनी हेच केले. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या, पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाची बांधली, आणि विठ्ठलाच्या दर्शनाला आलेल्यांची निवाऱ्याची व जेवणाची सोय करणे हेच आपले दर्शन मानले. देवळापेक्षा धर्मशाळा खालची आहे असे त्यांना कधी वाटले नाही.

आधी देऊळ आणि मग सुमारे हजार वर्षे धर्मशाळा, अशी माणसांची जा-ये पाहिलेल्या त्या तळ्याच्या काठी कुणीही पळत यावे, चालत यावे. वाट सर्वांची आहे. धावणाऱ्याकडून दार काही मागत नाही, म्हणून मागणे आपण स्वतःकडे करायला हवे. उंचावरच्या कुठल्याही निवाऱ्यापाशी पोहोचलात, आल्प्समध्ये असो की आपल्या एखाद्या गडाखालच्या वाडीत, तर क्षणभर थांबा. ज्याने पाणी दिले त्याच्याकडे नीट पाहा, दोन शब्द बोला, आपला कचरा आपल्याबरोबर खाली न्या, आणि मागून येणाऱ्याची हाक ऐकू आली तर वेळेचा हिशेब न करता मागे वळा. त्या रोमन वाटसरूने परत येण्याबद्दल काशावर कृतज्ञता कोरून ठेवली. आपण ती घरी परतल्यावर कुणासाठी तरी आपले दार उघडे ठेवून फेडावी.